इंजिनाच्या भागांसाठी उष्णतारोधक रंग : सगळीकडे ६५० अंशांचाच वापरावा का?

प्रश्न

हवेने थंड होणाऱ्या, एका सिलिंडरच्या जुन्या मोटारसायकलचे इंजिन मी पूर्ण उघडले असून जोडणीपूर्वी त्याचे बाहेरचे भाग नव्याने रंगवायचे आहेत. क्रँककेस, दोन्ही बाजूंची कव्हर्स आणि हेड ॲल्युमिनियमचे, सिलिंडर बिडाचा आणि सायलेन्सरचा बेंड पाइप साध्या पोलादाचा आहे. पूर्वी कोणीतरी या सर्व भागांना एकच काळा रंग दिलेला आहे. कव्हरवर त्याचे पोपडे सुटत आहेत आणि कार्बोरेटरखाली, जिथे पेट्रोल ठिबकते, तिथे तो बोटाने पुसला जातो. आता माझ्यासमोर ६५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा सिलिकोन रंग आणि २६० अंशांची मर्यादा लिहिलेले इंजिन एनॅमल असे दोन पर्याय आहेत. जास्त तापमान सोसणारा रंगच सर्वत्र वापरणे सुरक्षित ठरेल का? प्रायमर आणि पावडर कोटिंग यांविषयीही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

उत्तर १

डब्यावरचा मोठा आकडा पाहून रंग निवडणे हेच बहुधा आपल्या इंजिनावरील जुन्या रंगाचे दुखणे असावे. सिलिकोन रेझिनचा रंग हवेत सुकल्यासारखा दिसला तरी तो पक्का होतो उष्णतेनेच. त्यासाठी बहुतेक रंगांना २०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमान काही वेळ मिळावे लागते. क्रँककेस आणि कव्हर्स तेलाच्या तापमानाच्या आसपास, म्हणजे साधारण १०० ते १२० अंशांपर्यंतच तापतात. त्यामुळे तिथे हा रंग कायम अर्धाकच्चा राहतो, आणि अर्धाकच्च्या सिलिकोन रंगाला पेट्रोल अजिबात सोसत नाही.

कव्हर्स आणि क्रँककेससाठी इंजिन एनॅमल घ्यावे. हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा रंग पेट्रोल, तेल आणि ब्रेक ऑइलला अधिक दाद देत नाही, हे खरे आहे. परंतु त्यातील युरेथेन प्रकारात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, आणि त्याची फवारणी बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय करू नये. घरगुती कामात मी तो सुचवणार नाही. बेंड पाइपवर मात्र सिलिकोन रंगाला पर्याय नाही, कारण एक्झॉस्ट पोर्टजवळ पाइप कित्येक शे अंशांपर्यंत तापतो आणि तिथे एनॅमल जळून जाईल. सिलिंडरवर दोन्ही चालतात. मी एनॅमल पसंत करतो, कारण कार्बोरेटरचे ठिबकणे तिथवरही पोहोचते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त हेडच्या एक्झॉस्टकडील बाजूस, व्हॉल्व्ह आणि सील काढून भट्टीत तापवण्याची सोय असेल तर, मी सिलिकोन रंगच देईन.

आपल्या प्रश्नात ज्याचा उल्लेख नाही ती पूर्वतयारी मला रंगाच्या निवडीइतकीच महत्त्वाची वाटते. ओतीव ॲल्युमिनियम सच्छिद्र असते आणि वर्षानुवर्षांचे तेल त्यात मुरलेले असते. वरवर पुसलेला भाग स्वच्छ दिसतो, पण तापला की तेल पुन्हा पृष्ठभागावर येते आणि रंग आतून उचलला जातो. म्हणून भाग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने धुऊन, मध्यम तापवून, वर आलेले तेल थिनरने पुसावे आणि तेल येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. जुना रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरू नये. तो ॲल्युमिनियमच खातो. काही इंजिनांची कव्हर्स मॅग्नेशियमची असतात. त्यांना आम्लही चालत नाही आणि घासताना उडणारी पूड पेट घेऊ शकते, त्यामुळे धातू कोणता आहे याची आधी खात्री करावी.

काचेच्या मण्यांचे ब्लास्टिंग पृष्ठभागाला उत्तम पकड देते, परंतु तेलाच्या मार्गात अडकलेला एखाद-दुसरा मणीही बेअरिंगची वाट लावतो. ब्लास्टिंगपूर्वी सर्व छिद्रे बंद करावीत आणि नंतर प्रत्येक मार्ग व प्रत्येक आटा धुऊन हवेने फुंकावा. गॅस्केटच्या बैठका, बेअरिंगच्या जागा, बोल्टच्या डोक्याखालची वर्तुळे आणि अर्थिंगची जागा मास्किंग टेपने झाकावी. बोल्टखाली रंग राहिला तर तो कालांतराने दबतो आणि कसलेला बोल्ट सैल पडतो.

प्रायमरबाबत : ॲल्युमिनियमवर एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला किंचित कोरून पकड घेणाऱ्या अस्तराचा, एक पातळ हात उपयोगी पडतो, मात्र वरचा रंग त्याच्याशी जुळणारा असावा आणि प्रायमरची तापमानमर्यादाही वाचावी. बहुतेक सिलिकोन रंग थेट धातूवरच द्यायचे असतात. साधी पुट्टी इंजिनावर कुठेही भरू नये.

उत्तर ३

पावडर कोटिंग कव्हर्ससाठी चांगले आहे. ते कठीण असते आणि पेट्रोलला टिकते. परंतु ती पूड साधारण १८० ते २०० अंशांवर भाजली जाते, म्हणून बेअरिंग आणि ऑइल सील काढल्याशिवाय भाग देऊ नयेत. सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांवर, त्याचा जाड थर मला पटत नाही, कारण तो उष्णता अडवतो आणि फिन्सच्या मुळाशी असमान बसतो.

रंग कोणताही असो, जाड एका हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि जाड थर त्या ताणाने तडकतो. काळ्या रंगाने इंजिन थंड राहते असे म्हणतात. उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा रंगवलेला पृष्ठभाग उष्णता अधिक उत्सर्जित करतो, एवढे त्यात तथ्य आहे. धावत्या गाडीत मात्र बहुतेक उष्णता हवाच वाहून नेते. त्यामुळे रंगछटा आवडीनुसार निवडावी.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल धन्यवाद. कव्हर्स आणि सिलिंडरला एनॅमल, बेंड पाइपला सिलिकोन रंग असे ठरवले आहे. माझ्याकडे भट्टी नाही. बेंड पाइप इंजिन चालवूनच पक्का करता येईल का?

उत्तर १

येईल, मात्र टप्प्याटप्प्याने. इंजिन काही मिनिटे मंद चालवून बंद करावे, पाइप पूर्ण थंड होऊ द्यावा, मग आणखी थोडा जास्त वेळ चालवावे. नेमक्या वेळा डब्यावर दिलेल्या असतात. पहिल्या तापण्यात धूर निघतो आणि रंग थोडा मऊ पडतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि तोपर्यंत पाइपला हात लावू नये. स्वयंपाकाची भट्टी यासाठी कधीही वापरू नये. एनॅमललाही सौम्य उष्णता मिळाल्यास ते लवकर घट्ट होते; तशी सोय नसल्यास कव्हर्स आठवडाभर पेट्रोलपासून दूर ठेवावीत. आणि जोडणीच्या वेळी कार्बोरेटरची गळती आधी बंद करावी.