अनुभव धागा : तळ्याकाठच्या घरांची वादळ-पुराची तयारी

गोव्यात किनाऱ्यापासून आत, तळ्याकाठी वादळाचा इशारा आला की नेमकं काय करायचं, ते इथे लिहा. आठवणी नकोत, मापं हवीत. सुरुवात करतो. मे आणि ऑक्टोबर एका मापाने मोजू नका. तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ ला गोव्याजवळून गेलं तेव्हा झाडं आणि विजेच्या तारा पडल्या. मे महिन्यात तळी आटलेली असतात, भीती वाऱ्याची. दक्षिण गोव्यातल्या काणकोणचा पूर २ ऑक्टोबर २००९ चा. त्या दिवसांत तळं भरलेलं असतं आणि जमीन पाणी पीत नाही.

कुडतरीहून
दादा, हिशेबच मांडते. १ चौरस किलोमीटर पाणलोटावर १०० मिमी पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. ते सगळं १० हेक्टरच्या तळ्यात उतरलं आणि बाहेरची वाट तुंबलेली असेल, तर पातळी १ मीटर चढते. वाट तुंबते ती जलपर्णी, नारळाची सोडणं आणि प्लास्टिकने. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्या दोन दिवस आधीपासून एकेक काढायला लावा. ऐन पावसात फुगलेली फळी दाबाखाली हलत नाही, आणि सगळ्या एकदम काढल्या तर बांधाची माती सुटते.

करमळीहून
ओहोळ खाडीला मिळत असेल तर भरतीची वेळ आधी बघा. भरतीत पाणी तुंबतं. सोडायचं ते ओहोटीत.

डिचोलीहून
पाणी उंबऱ्याला येण्याआधी मेन स्विच बंद. इन्व्हर्टरची बॅटरी वर उचला. रिकामा सिलिंडर तरंगतो, त्याला बांधून ठेवा. संडासाच्या भांड्यावर वाळूची पिशवी ठेवा, सेप्टिक टाकीचं पाणी तिथूनच उलटतं. बुडालेला पंप सुकवून तपासल्याशिवाय चालू करू नये, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळतं.

साखळीहून
पूर ओसरल्यावर विहीर. गढूळ पाणी उपसा, पण एकदम तळापर्यंत नको. बाहेरची माती भिजलेली असताना विहिरीच्या भिंतीचे चिरे आत ढासळतात. मग विहिरीतलं पाणी मोजा: ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली ÷ ४, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर. २ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ९,४०० लिटर. १,००० लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर २.५ ग्रॅम, म्हणजे इथे २४ ग्रॅम. दमट पावडरीचा जोर गेलेला असतो, ती घेऊ नका. बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घालून ढवळा आणि ५ ते १० मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. खालचा चुना टाकून द्या. एक तास तरी पाणी काढू नका.