गाइडस्कोपचा फोकस रात्री जुळत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्याचा. ७२ मिमीचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), डीएसएलआर आणि इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या मागोमाग फिरणारी बैठक) असा माझा संच आहे. गाइडिंगसाठी, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सतत सुधारण्यासाठी, ६० मिमी व्यासाचा, २४० मिमी फोकल लेंथचा गाइडस्कोप (छोटी जोडदुर्बीण), एएसआय १२० एमएम मिनी कॅमेरा आणि पीएचडी२ हे सॉफ्टवेअर. मुख्य दुर्बिणीचा फोकस बाटिनोव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) लावला की लगेच मिळतो. घोडं अडलंय ते गाइडस्कोपपाशी.

याला फोकसर नाही. कॅमेरा सव्वा इंची नळीत मागेपुढे सरकवायचा आणि दोन पेचांनी आवळायचा. दिवसा गच्चीवरून समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला, अंतर साधारण १०० मीटर. शिडीच्या पायऱ्या, पाइपावरचा गंज, सगळं स्वच्छ दिसत होतं. पेच आवळले आणि तसाच गाइडस्कोप घेऊन भंडारदऱ्याला गेलो. तिथे स्क्रीनवर ताऱ्यांऐवजी फिकट गोल चकत्या! त्याही फक्त ठळक ताऱ्यांच्या, बाकीचे गायब. पीएचडी२ला आपोआप तारा निवडायला सांगितलं तर त्याने एकाच पिक्सेलचा टोकदार ठिपका धरला. माउंट हलवला तरी तो ठिपका जागचा हलेना, म्हणजे हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा सदोष, कायम उजळ दिसणारा पिक्सेल).

अंधारात पेच सैल केले की कॅमेरा एकदम दोन-तीन मिमी सरकतो, आवळताना तिरका होतो.

टाकीवर जुळलेला फोकस ताऱ्यांना का चालत नाही? कॅमेरा आत ढकलू की बाहेर ओढू, आणि किती? शिवाय गाइड तारा थोडा पसरट असलेला बरा असं वाचलंय, तर थोडा म्हणजे किती? येत्या अमावास्येला देवयानी दीर्घिकेचे तीन-तीन मिनिटांचे एक्स्पोजर घ्यायची फार इच्छा आहे. गाइडिंगशिवाय तारे लांबट येतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

टाकी फार जवळ आहे. जवळच्या वस्तूची प्रतिमा ताऱ्याच्या प्रतिमेपेक्षा मागे पडते. किती मागे, ते फोकल लेंथचा वर्ग भागिले वस्तूचं अंतर केलं की कळतं. २४० गुणिले २४० भागिले १,००,००० म्हणजे सुमारे ०.५८ मिमी. तुमचा स्कोप एफ/४ (फोकल लेंथ व्यासाच्या चौपट), त्यामुळे ताऱ्याची चकती त्याच्या चौथ्या हिश्शाची, ०.१४ मिमीची होते. या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, म्हणजे चकती ३८ पिक्सेल रुंद. एका ताऱ्याचा प्रकाश हजारावर पिक्सेलांत वाटला गेला तर अंधुक तारे दिसणार कसे? कॅमेरा अर्ध्या मिमीहून किंचित जास्त आत ढकला. एक किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर धरला असता तर चूक ०.०६ मिमीच राहिली असती.

हे काम अमावास्येला डोंगरात करू नका. शुक्ल पक्षात गच्चीवरच आधी चंद्राच्या विवरांवर ढोबळ फोकस करा, मग ब्रह्महृदयासारख्या ताऱ्यावर अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरने बारीक. पेच पुरते सैल न करता कॅमेरा गोल फिरवत सरकवा, म्हणजे तो उडी मारत नाही. पीएचडी२मध्ये ताऱ्याचा एचएफडी आकडा (निम्मा प्रकाश मावणाऱ्या वर्तुळाचा व्यास) दिसतो, तो कमीत कमी होईल तिथे थांबा. मग कॅमेऱ्याच्या नळीवर पारफोकल रिंग (फोकसची जागा पक्की करणारं कडं) आवळून टाका. पुढच्या वेळी कॅमेरा रिंगला टेकेपर्यंत आत घातला की झालं.

पसरट ताऱ्याचं म्हणाल तर प्रकाश दोन-तीन पिक्सेलांवर पडला तरी पीएचडी२ मध्यबिंदू पिक्सेलच्या अंशापर्यंत काढतं. मुद्दाम आणखी पसरवून फक्त तारे गमवाल. हॉट पिक्सेलसाठी डार्क लायब्ररी (भिंग झाकून घेतलेल्या, वजा करायच्या फ्रेमचा साठा) बनवाच.

आणि भंडारदऱ्याला पाणी जवळ, थंडीत दव खूप. मध्यरात्रीनंतर तारे पुन्हा फुगले तर आधी टॉर्चने भिंग बघा, फोकसला हात लावू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार! त्या रात्रीची एक फ्रेम जपून ठेवली होती, ती आत्ता मोठी करून मोजली. चकती चाळीसेक पिक्सेलचीच भरतेय. रिंग मागवतो. भिंगाभोवती गुंडाळायची हीटर पट्टी तुमच्यापैकी कोण वापरतं, आणि रात्रभर चालवायला केवढी बॅटरी लागते?