रक्त चढवायची ऑर्डर सिस्टरनं द्यायची का? ट्रेनिंगमध्ये काय घ्यावं सांगा

बालाघाटची_सिस्टर:
नमस्कार, मी बीड जिल्ह्यात एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, कोणता ते विचारू नका. आमच्याकडं ब्लड स्टोरेज झाल्यापासून लई सोय झाली, नाहीतर पूर्वी नातेवाईक थर्माकोलचा डबा घेऊन मोटरसायकलवर अंबाजोगाईला पळायचे. पण आता रक्त हाताशी आहे म्हणून लावायचं प्रमाण पण वाढलंय. रात्री डॉक्टर फोनवरच सांगतात, ‘एचबी (हिमोग्लोबिन) सहा आहे ना, दोन बॅगा लावून टाका’, अन् सही सकाळी. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे, ती म्हणली तिकडं कोर्स केला की नर्स स्वतःच रक्ताची ऑर्डर देऊ शकते. मायबाई, मला तर धडकीच भरली. आता आमच्या मॅट्रन बाई म्हणायल्यात ट्रेनिंग ठेवू, तू विषय काढ. तर आपल्याकडं असं चालतं का, अन् ट्रेनिंगमध्ये नेमकं काय घ्यायचं?

गोदाकाठचा_डॉक्टर:
सिस्टर, चालत नाही. आपल्याकडं 1940 च्या औषध कायद्यात रक्त हे औषधच धरलंय, बॅगच्या लेबलवर पण लिहिलेलं असतं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. इंग्लंडमध्ये 2005 च्या नियमांनंतर रक्त औषधाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिथं नर्सला रस्ता मोकळा झाला.

पण खरं सांगू का, ट्रेनिंगची गरज तुमच्यापेक्षा आमच्या लोकांना जास्त आहे. एमबीबीएसला रक्त ‘कधी द्यायचं नाही’ हे कुणी धड शिकवत नाही, इंटर्न सिनिअरचं बघून फॉर्म भरतो अन् तीच सवय पुढं जन्मभर. पेशंट स्थिर असेल, रक्तस्राव चालू नसेल, हृदयाचा त्रास नसेल तर एचबी सातच्या वर असताना सहसा रक्त लागत नाही. सातच्या खाली असलं तरी एक बॅग लावा, पेशंट बघा, एचबी परत करा, मग दुसरीचं ठरवा. दोन बॅगा एकदम हे जुनं खूळ आहे. गरोदर बाई लोहाच्या कमतरतेनं सात-आठवर आलीय अन् बाळंतपणाला अजून दोन महिने आहेत, तर शिरेतून आयर्न द्या ना, रक्त कामून?

लॅबवाला_परभणी:
मी ब्लड सेंटरला टेक्निशियन आहे, खिडकीच्या आतून काय दिसतं ते सांगतो. फॉर्मवर कारण लिहिलेलं असतं ‘ॲनिमिया’. बस एवढंच. वजन नाही, आधी रक्त चढवलंय का नाही, बाईच्या डिलिव्हऱ्या किती झाल्या काहीच नाही. अन् सँपल! एकाच वॉर्डात दोन संगीताबाई, दोघींची आडनावं पण सारखी, अन् ट्यूबवर नुसतं ‘संगीता, एफएमडब्ल्यू’, म्हणजे बायकांचा मेडिकल वॉर्ड. रक्त कॉटपाशी काढायचं अन् ट्यूबा टेबलावर नेऊन एकदम सगळ्यांना लेबल लावायचं, गट चुकतो तो तिथंच चुकतो, आमची क्रॉसमॅच मशीन (पेशंटचं अन् बॅगेतलं रक्त जुळतंय का बघणारी) कितीबी भारी असू द्या. ट्यूबमध्ये रक्तच दुसऱ्याचं असलं तर मशीन काय करणार. म्हणून ट्रेनिंगचा पहिला घंटा कॉटपाशी घ्या, हॉलमध्ये नको. पेशंटलाच नाव विचारायचं, ‘तुम्ही संगीता का?’ असं नाही, तसं विचारलं तर ऐकू न आलेली म्हातारी पण हो म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं, रजिस्ट्रेशन नंबर बघायचा अन् लेबल तिथंच उभं राहून हातानं लिहायचं.

अजून एक, बॅग गरम पाण्याच्या बादलीत बुडवणं बंद करा राव. फ्रीजमधून निघाली की अर्ध्या तासात लावा, चार तासांत संपवा. त्याच लाईनमध्ये आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) जोडू नका, त्यातल्या कॅल्शियमनं गुठळी होते.

खरं_बोलतो_जालना:
हे सगळं ठीक आहे पण एका सिस्टरकडं तीस-चाळीस पेशंट, त्यात हे पण तिच्याच गळ्यात? उद्या रिॲक्शन आली की ‘ट्रेनिंग तर झालं होतं ना तुमचं’ म्हणून नोटीस तिलाच येणार बघा. आधी माणसं भरा म्हणावं.

लातूरची_पोर_सध्या_लीड्स:
जालनावाल्या दादांचं खरंय, म्हणून तर इथं कोर्स केला की लगेच अधिकार मिळत नाही. मी तोच कोर्स केलाय. दवाखान्यानं लेखी परवानगी द्यावी लागते, सिनिअर डॉक्टर सोबत केसेस बघतो, अन् अधिकार फक्त आपल्या वॉर्डच्या ठरलेल्या पेशंटपुरता. मी ब्लड कॅन्सरच्या डे-वॉर्डला आहे, उद्या बाळंतिणीला रक्त लावायचं तर माझ्या सहीला किंमत शून्य. पेशंटला नीट समजावून संमती घेणं पण माझ्याच अंगावर.

कोर्समध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला तो रक्त जास्त होण्यावर, म्हणजे चढवलेलं हृदयाला झेपत नाही अन् फुप्फुसात पाणी भरतं ते, टॅको म्हणतात. इथं 1996 पासून रक्ताच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवतात, त्यात मृत्यूंमध्ये टॅको कायम वरच असतो. आपल्याकडं तर हे अजून जपायला पाहिजे. ऊसतोडीची बाई आठवा, वजन अडतीस किलो, एचबी चार, तेही महिनोन्महिने. तिला रात्रीतून दोन बॅगा म्हणजे जिवाशी खेळ. तिला एकच बॅग सावकाश, पहिली पंधरा मिनिटं जवळ थांबून, श्वास अन् ऑक्सिजन बघत. सत्तर किलोच्या माणसाला एका बॅगेनं एचबी साधारण एकनं वाढतं, तिला त्याहून जास्त वाढेल.

बालाघाटची_सिस्टर:
ताई, आमच्याकडं निम्म्या अशाच असतात, दिवाळीनंतर कारखान्यावर जायच्या आधी अन् पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत आल्या की. पण फोनवरच्या ऑर्डरचं काय करू? नाही म्हणायची हिंमत नाही होत.

गोदाकाठचा_डॉक्टर:
नाही म्हणू नका, विचारा. ‘सर, वजन अडतीस आहे, सूज आहे, ब्लीडिंग नाही, एकच बॅग लावून सकाळी एचबी करू का?’ शंभरात नव्वद जण हो म्हणतील. सांगितलेली ऑर्डर फोनवर परत वाचून दाखवा, वेळेसकट केसपेपरवर लिहा. थंडी, ताप, कंबरदुखी, लाल लघवी यातलं काही दिसलं की आधी बॅग बंद, सलाईन नव्या सेटनं चालू, मग फोन. बॅग फेकायची नाही, ब्लड सेंटरला परत. अन् रिॲक्शनचा फॉर्म भरा, 2012 पासून आपल्याकडं पण हिमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्ताच्या दुष्परिणामांची देशभर नोंद, आहे, तो दोष शोधायचा कार्यक्रम नाही.

बालाघाटची_सिस्टर:
ठीक, मॅट्रन बाईंना हेच दाखवते, अन् एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांना पण ट्रेनिंगला बसवा म्हणते. परभणीवाले दादा, तुमच्याकडचा वजनाचा रकाना असलेला फॉर्म टाका ना इथं.

लॅबवाला_परभणी:
उद्या ड्युटीवर गेलो की फोटो टाकतो.