मदत हवी आहे: घरून काम करणाऱ्या टीमसाठी ऑनलाइन खजिना शोध

नमस्कार मंडळी,

आमची टीम वीसेक जणांची. निम्मे पुण्यात, काही नागपूर-कोल्हापूरला, दोघं डब्लिनला. दिवाळीआधी ऑनलाइन खजिना शोध (कोडं सोडवायचं आणि उत्तराची वस्तू घरात शोधून कॅमेऱ्यावर दाखवायची) ठेवायचं ठरलंय आणि ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलंय. डब्लिनकरांची सकाळ सांभाळायची म्हणून दुपारी ३ ची वेळ धरलीय. फुकटच्या झूमवर ४० मिनिटांत मीटिंग बंद पडते, त्यामुळे खेळ अर्ध्या तासातच आटपायचा. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे झूमच्याच छोट्या वेगळ्या खोल्यांत, चार-चारचे गट करीन.

अडलंय ते कोड्यांपाशी. 'माझ्यावर पाय ठेवल्याशिवाय भाजी चिरून मिळत नाही' हे विळीचं कोडं मला फार आवडलं होतं, पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरांकडे विळी कुठून येणार? डब्लिनचं तर सोडाच. कुणाच्याही घरात हमखास सापडतील अशा वस्तूंवरची कोडी सुचवा ना. उत्तर गुगलून मिळणारं नको, नाहीतर ज्याचं इंटरनेट जोरात तोच जिंकायचा.

दुसरं म्हणजे, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, त्याचे ते अणकुचीदार खिळे, असं काही गुगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर (रस्त्यावरून दिसणाऱ्या फोटोंत) शोधायला लावलं तर पुणेकरांना आयतीच आघाडी मिळेल. प्रत्येक गटात एकेक गावचा माणूस टाकला तर जमेल का?

आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात घुसणं अवघड जातं. त्यांच्यासाठी नुसता फोटो चालवावा का? कुणी असा खेळ घेतला असेल तर गुण कसे मोजले तेही सांगा.