रोरी गिलमोरचे कौतुक तिलाच महागात पडले का?

प्रश्न (जळगाव) : ‘गिलमोर गर्ल्स’ या अमेरिकी मालिकेतील रोरी ही साऱ्या गावाची लाडकी, चिल्टन या खासगी शाळेची फी आजी-आजोबांच्या पैशांतून भरली गेली आणि पुढे ती येल विद्यापीठात गेली. तरीही २०१६च्या भागांत बत्तीस वर्षांची ही हुशार मुलगी स्थिर नोकरीवाचून का भटकते?

उत्तर (धुळे) : पत्रकारितेला लागणारा पिंड तुझ्यात नाही, असे वृत्तपत्रांचा मालक मिचम हंट्झबर्गरने सुनावताच ती नौका चोरते आणि येल सोडते, कारण तोवर नकार पचवण्याची वेळच तिच्यावर फारशी आलेली नसते, शिवाय त्यानंतरही आजीच्या बंगल्यातले पूलहाउस (पोहण्याच्या तलावाजवळचे छोटे घर) तिच्यासाठी तयारच असते. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, तर मेहनतीची स्तुती झालेली टिकून राहिली. (आपल्याकडे दहावीनंतर चौकाचौकांत लागणारे अभिनंदनाचे फलक पाहताना मला हेच आठवते.)

उत्तर (भुसावळ) : सगळा दोष कौतुकावर ढकलणे मला पटत नाही, कारण २०१६पर्यंत वृत्तपत्रांचा धंदाच आक्रसला होता. मात्र नोकरीच्या मुलाखतीला एकही कल्पना तयार न ठेवता जाणे, हे तिचेच. तिची वर्गमैत्रीण पॅरिस हिला घरचा पैसा बुडाल्यावर काम करावे लागले. रोरीवर ती वेळ आलीच नाही.