मदत हवी आहे: पॉलिहाऊसच्या पेपरवरची धूळ – धुवावा की बदलावा?

नमस्कार मंडळी,

मावळात आमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, आत जरबेरा. छताला २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा पेपर टाकून अडीच वर्षं झाली, गॅरंटी तीन वर्षांची. मागच्या वर्षी अर्ध्या किलोमीटरवर खडी क्रशर सुरू झाला आणि रस्त्याचं कामही निघालं. तेव्हापासून छत करडं दिसतंय. दिवाळीपर्यंत रोज ५०० च्या वर फुलं निघायची, आता ४०० मिळाली तरी नशीब. दांडे लांब पण बारीक, फूल लहान. खत, पाणी, औषधं नेहमीचीच आहेत. पेपर विकणारा म्हणतो, "बदलून टाका." तो तसं म्हणणारच! धुऊन भागेल का? कशाने धुवायचा?

शेडनेटवाला: पावसाळ्यात आपोआप धुतला जाईल, थांबा की.

जुना_माळी: जूनपर्यंत थांबून हंगाम घालवायचा का? लग्नसराई तोंडावर आहे. शिवाय हिवाळ्यात पहाटेच्या दवाने धूळ भिजते, उन्हाने वाळते, असे थरावर थर बसतात. पहिल्या पावसाने वरची माती जाते, खालची पुटं तशीच राहतात. गाड्यांच्या धुराची काजळी तेलकट असते, ती तर नुसत्या पाण्याला दादच देत नाही.

आधी मोजा. मोबाईलचं लक्स अ‍ॅप काटेकोर नसतं, पण तुलनेला चालतं. निरभ्र दिवशी भर दुपारी, शेडनेट सरकवून, आत आणि बाहेर एकाच फोनने आकडा घ्या. मग छताचा एकच गाळा (दोन गटरांमधला भाग) धुऊन पुन्हा मोजा. फरक पडला तर दोष धुळीचा. नाही पडला तर पेपरच म्हातारा झालाय.

धुताना भल्या पहाटे, पेपर गार असताना आधी पाण्याचा हलका फवारा मारून खडे वाहून जाऊ द्या. कोरड्यावर ब्रश फिरवलात तर क्रशरची कच सँडपेपरचं काम करते, आणि त्या ओरखड्यांत पुढची धूळ आणखी घट्ट बसते. मग लांब काठीला मऊ स्पंज आणि सौम्य साबण. अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर अजिबात नको. माणूस गटरवरूनच (गाळ्यांमधल्या पन्हळीवरून) चालेल, पेपरवर पाय नाही. गटरचं पाणी शेततळ्यात जात असेल तर तेवढ्यापुरता पाईप बाहेर काढा.

एक गोष्ट विचारतो, भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) गंधक वापरता का?

मूळ प्रश्नकर्ता: हो, महिन्यातून दोनदा तरी.

जुना_माळी: मग पेपर लोखंडी पाईपला टेकतो तिथे बघा. गंधकाने पेपरमधलं यूव्ही संरक्षण मरतं आणि तापलेल्या पाईपवर तो आधी कडक होतो. तिथली घडी दाबून तडकली तर धुण्यात मजुरी घालवू नका. गॅरंटीचं कार्डही वाचा, गंधकाची मर्यादा बऱ्याचदा बारीक अक्षरात असते.

मूळ प्रश्नकर्ता: काल एक गाळा धुतला. आज दुपारी बाहेर ७८ हजार लक्स, न धुतलेल्या गाळ्यात ३३ हजार, धुतलेल्यात ४४ हजार. पाईपवर पेपर पिवळट झालाय, पण तडकत नाही. उरलेले गाळे रविवारी धुतो. क्रशरच्या बाजूला शेवरीची दाट ओळ लावली तर धूळ थोडी अडेल का? की तिचीच सावली पडेल? कुणी लावली असेल तर किती अंतरावर, तेवढं सांगा.