म्यूनिख–फ्युसेन–ग्रोसग्लॉकनर–साल्झबर्ग: सहा जण, एक गाडी

डेक्कनकर
सप्टेंबरचा दुसरा आठवडा, आठ दिवस. आम्ही दोघं, मुलं (५ आणि १० वर्षं) आणि सत्तरीतले आई-बाबा. गाडी म्यूनिख विमानतळावर घेऊन तिथेच परत द्यायची. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, इन्सब्रुक, ग्रोसग्लॉकनरचा घाट, वेर्फेनचा किल्ला, साल्झबर्ग असा बेत आहे.
१. सेव्हन सीटर पुरेल का?
२. आईचे गुडघे दुखतात. राजवाडा झेपेल का?
३. फ्युसेन ते इन्सब्रुक शनिवारी येतं, आणि टोलचं नीट कळत नाहीये.

नेकारकाठ
सेव्हन सीटर घेऊ नका. मागची रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन केबिन बॅगा बसतात, आणि सहा जणांच्या बॅगा मांडीवर घेऊन घाट चढता येत नाही. नऊ सीटची व्हॅन घ्या, साध्या कारच्या लायसन्सवर चालते. उंची मात्र दोन मीटरच्या आसपास असते, त्यामुळे हॉटेल ठरवताना पार्किंग तळघरात आहे का आणि उंचीची मर्यादा किती, हे आधी विचारा. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. मूळ लायसन्स आणि आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट दोन्ही जवळ ठेवा. ऑस्ट्रियात गाडी नेणार हे काउंटरवर सांगून करारात लिहून घ्या.

नॉयश्वानस्टाइनचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. त्यावरची वेळ राजवाड्याच्या दाराशी पोचण्याची असते, पार्किंगला पोचण्याची नव्हे. वेळ चुकली की तिकीट गेलं. खालच्या होहेनश्वांगाउ गावातून चढ साधारण दीड किलोमीटर, ३०-४० मिनिटं. घोडागाडी दाराच्या थोडं अलीकडे सोडते, तिथून उरलेला चढ पायीच. बस मारियन पुलाजवळ थांबते, पण तिथून राजवाड्याकडे तीव्र उतार आहे. दुखऱ्या गुडघ्यांना उतार चढापेक्षा जड जातो, म्हणून आईंसाठी घोडागाडीच बरी. गाडी लावल्यापासून दारापर्यंत दीड तास हाताशी ठेवा. आत अर्ध्या तासाची टूर, फोटो काढायला बंदी, आणि शंभरावर पायऱ्या. त्या आईंना जड वाटत असतील तर लिंडरहोफ बघा. तोही राजा लुडविग दुसरा यानेच बांधलेला, पण खूपच लहान, आणि आतली सजावट डोळे दिपवणारी. माझं मत विचाराल तर आतून बघायला लिंडरहोफच सरस. नॉयश्वानस्टाइनचं खरं देखणेपण बाहेरून आहे, मारियन पुलावरून.

इनकाठची_अर्चना
शनिवार शक्य असेल तर बदलाच. टिरोलमधली (इन्सब्रुकचा प्रांत) सुट्टीची घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात आणि बव्हेरियातल्या शाळांची सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. त्यामुळे वाटेतल्या फर्नपास घाटात दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागते. मोबाइलचा नकाशा मग गावातल्या गल्ल्या सुचवतो. त्या वाटा सुट्टीच्या काळात शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्यांना बंद केलेल्या असतात, पोलीस परत पाठवतात. शनिवारच ठरला असेल तर सकाळी सातच्या आत निघा. मध्ये रॉयटेला एरेनबर्ग किल्ल्यापाशी ४०६ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, खालच्या रस्त्यापासून ११४ मीटर उंच. दहा वर्षांच्या मुलाला नक्की आवडेल.

टोल: जर्मनीत कारला नाही. ऑस्ट्रियाच्या ऑटोबानवर (महामार्गावर) विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास लागतो, तुम्हाला १० दिवसांचा पुरेल. डिजिटल विन्येट गाडीच्या नंबरावर निघतं, म्हणून चावी हातात आल्यावर नंबर बघूनच काढा. शून्य आणि ओ यांची गल्लत झाली की विन्येट नसल्यासारखंच, दंड होतो. गेर्लोस आणि ग्रोसग्लॉकनर रस्त्यांचा टोल वेगळा, तिथे विन्येट चालत नाही.

आणि ऑटोबानवर वाहतूक तुंबली की अँब्युलन्ससाठी मध्ये वाट सोडायची: डावीकडच्या लेनने डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. गाड्या पूर्ण थांबायच्या आधीच. हे न करणाऱ्यालाही दंड आहे.

दुसरा_गिअर
ग्रोसग्लॉकनरचा दिवस पक्का करू नका. घाटाजवळच्या झेल-आम-झे गावात तीन रात्री ठेवा, आदल्या संध्याकाळी वेबकॅम बघा आणि आकाश मोकळं असेल तो दिवस घ्या. ढगात ४८ किलोमीटर आणि ३६ वळणं म्हणजे भारी टोल भरून पांढरी भिंत बघणं. सप्टेंबरातही वर बर्फ पडू शकतो, आणि भाड्याच्या गाडीला तेव्हा बहुधा उन्हाळी टायर असतात. पडलाच तर क्रिमलचा ३८० मीटरचा धबधबा बघा.

घाटमाथा होखटोअर २५०४ मीटरवर आहे. चढणीपेक्षा उतरणच सांभाळायची. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरली की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, पेडल मऊ पडतं. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर लावा, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडा, सतत टेकवून ठेवू नका. वास आलाच तर सपाट जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्या, पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकते. एडलवाइसश्पित्झ या शिखराकडचा फाटा अरुंद आणि दगडी फरसबंदीचा आहे. मोठ्या व्हॅनची सवय नसेल तर सोडा. पास्टर्झ हिमनदी फ्रांत्स-योसेफ्स-ह्योहे या ठिकाणावरून दिसते, तिथपर्यंत गाडी जाते.

डेक्कनकर
सर्वांचे आभार, व्हॅन बघतो. मोठ्या मुलाला गाडीत लहान मुलांची सीट लागेल का? उंची १३८ सेंमी.

नेकारकाठ
ऑस्ट्रियात १३५ सेंमीनंतर लागत नाही. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंमी, यातलं जे आधी होईल तोवर लागते. म्हणजे त्याला बूस्टर (बसायची उंची वाढवणारी बैठक), धाकट्याला पाठ असलेली सीट. दोन्ही गाडीबरोबरच बुक करा, आणि त्यांवर आर१२९ किंवा आर४४ या सुरक्षा-मानकाची खूण आहे ना, ते काउंटरवरच तपासा.

दुसरा_गिअर
वेर्फेनच्या किल्ल्यावर चढायला लिफ्ट आहे, आईंना त्रास होणार नाही. तिथल्या ससाण्यांच्या उड्डाणाच्या खेळाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या बघूनच झेलहून निघा.